उरलेल्या फण्यांचे गोड : घरच्या घरी भाजलेली मसाल्याची केळी





शेतकी विभागाचे हे पान उघडताना खोडव्याची मशागत किंवा हुमणीचा बंदोबस्त असे काही वाचायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. ते विषय पुढच्या अंकी जरूर घेऊ. या वेळी मात्र आम्ही स्वयंपाकघरात शिरलो आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याने चुलीपुढे काय लुडबूड करायची, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न एका सभासद भगिनीने भर मेळाव्यात विचारला आणि त्याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

झाले ते असे. गट ऑफिसच्या आवारात लागण हंगामाचा मेळावा होता. बेणे कोणते घ्यावे, बेणेप्रक्रिया कशी करावी, सरीतले अंतर किती ठेवावे, पाचट का जाळू नये, हे सगळे आम्ही नेहमीप्रमाणे सांगितले. प्रश्न विचारा म्हटल्यावर तोडणीच्या तारखांचे चार-पाच प्रश्न आले. शेवटी मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या.

"साहेब, उसाचं समदं सांगितलंत. पण आमच्या दोन एकर केळीतनं व्यापाऱ्यानं चांगल्या चांगल्या फण्या निवडून नेल्या. बारक्या नि डागाळलेल्या बांधावर टाकून गेला. जनावरं तरी किती खातील? त्याचं काय करायचं ते सांगा की."

कोणीतरी मागून म्हणाले, "केक करा मावशी, नातवाच्या वाढदिवसाला." मंडळी हसली. मावशी काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "केक इकतच आणतोय की आम्ही. साखर आमच्या उसाची, दूध आमच्या डेअरीचं, आन् पैसं मोजायचं आम्हीच."

यावर सगळे गप्प झाले. आम्हीही झालो. आपल्या भागात उसाला बेवड म्हणून केळी घेणारे सभासद पुष्कळ आहेत. घडाच्या टोकाकडच्या लहान फण्या, घासून डाग पडलेल्या फण्या, वाऱ्याने मोडलेल्या झाडाचे घड, हा माल पेटीत बसत नाही. तो वर्षानुवर्षे बांधावर कुजतो आणि आपण बाजारातून गोड विकत आणतो.

पहिला प्रयोग फसला

घरी आल्यावर आम्ही हा विषय काढला. शिकरण, केळ्याचा हलवा, पिकल्या केळ्याच्या पुऱ्या ही नावे लगेच निघाली. पण मावशींचा रोख वेगळा होता. त्यांना बेकरीतल्या मालासारखे भाजलेले, कापून ताटात वाढता येईल असे काहीतरी हवे होते.

फळ भाजून गोड करण्याची रीत इंग्लंडमध्ये घरोघरी आहे. तिकडे सफरचंदाच्या फोडी करतात, त्यावर दालचिनी टाकतात. पीठ, लोणी आणि साखर बोटांनी चोळून चुरा करतात आणि तो वरून पसरून भट्टीत भाजतात. त्याला 'क्रम्बल' म्हणतात. त्यात अंडे नाही, सोडा नाही, फेटाफेटी नाही. आपल्याकडेही हे अगदी नवे नाही. कोकणात पिकलेले मोठे तवसे किसून, त्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालून 'धोंडस' करतात. पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून ते भाजले जाते. दिवाळीच्या आधी मैदा, साखर आणि डालडा डब्यात भरून गावच्या बेकरीवर नानकटाई भाजून आणायला लावलेली रांगही आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हा तिकडची रीत, कोकणची आच आणि आपली केळी यांचा मेळ घालून पाहू, असे आम्ही ठरवले.

दुसऱ्या दिवशी एका प्लॉटवरून दोन फण्या आणल्या. रंग पिवळसर हिरवा, हाताला घट्ट. मोठ्या उत्साहाने फोडी केल्या, गूळ-मसाला लावला, चुरा पसरला आणि तासभर भाजले. बाहेर आले ते उकडलेल्या बटाट्यासारखे, वर तुरट. धाकटा म्हणाला, "बाबा, ही भाजी आहे का गोड आहे?" सौभाग्यवतींनी तर आमचाच बाण आमच्यावर सोडला. "कोवळा ऊस तोडू नका म्हणून सगळ्या कार्यक्षेत्रात सांगत फिरता, आणि केळी मात्र कोवळी आणता?"

बोलणे खरे होते. पुढचे सगळे त्या एका वाक्यातून सुधारले. या पदार्थात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: फळाची पक्वता, फळातले पाणी आणि आच. आपला ऊस शेतातून पोत्यात जाईपर्यंत कारखान्यातही याच तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पक्वता : आधी फळ पिकू द्या

तोडणीआधी आम्ही उसाच्या फडात हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, हे आपण पाहिले आहे. कांड्याचा थेंबभर रस काचेवर ठेवून ब्रिक्स पाहतो. रसात विरघळलेले घन पदार्थ शेकडा किती, हे त्यावरून कळते. बुडख्याकडचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला, की ऊस पक्व झाला असे समजतो. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स साधारण १८ ते २२ येतो. तेच यंत्र आम्ही घरी केळ्यावर लावले. चांगले पिकलेले केळे कुस्करून फडक्यातून पिळले, तर आकडा २० च्या आसपास आला. कच्च्या केळ्यातून पिळून रसच निघेना.

याचे कारण असे. हिरव्या केळ्यात गोडी नसते, पिष्ट असते. वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे ते असते. फळ पिकते तसे हे पिष्ट फुटून त्याची साखर होते आणि पूर्ण पिकल्यावर पिष्ट अगदी थोडे उरते. तुरटपणाही जातो. सालीवर तपकिरी ठिपके पडले, म्हणजे हे काम पुरे झाले. गिऱ्हाईक ज्या केळ्याला नाक मुरडते, तेच या पदार्थाला उत्तम. ठिपक्यांचे केळे घेतले, तर वरून गूळ निम्मा पुरतो. कच्चे घेतले, तर दुप्पट गूळ घालूनही चव येत नाही. कोवळा ऊस गाळला, तर कारखान्याने कितीही खटपट केली तरी साखर उतारा वाढत नाही, तसेच हे.

व्यापारी मागे ठेवतो त्या फण्या हिरव्या असतात. त्या घरी पिकवाव्या लागतात. फण्या सुट्या करून, चीक सुकू देऊन, खोक्यात किंवा टोपलीत गवताच्या पेंढ्यात ठेवाव्यात आणि वरून पोते झाकावे. सोबत एक-दोन पिकलेली केळी ठेवावीत. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तो शेजारच्या फळांना पिकवतो. हवेच्या उष्णतेप्रमाणे पाच ते आठ दिवस लागतात. घाई म्हणून कार्बाइडची पुडी कदापि ठेवू नका. फळ पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षा कायद्याने बंदी आहे, आणि त्याने साल पिवळी होते, आतला गर कच्चाच राहतो.

एकदा पिकले की मात्र वेळ घालवू नका. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, असे आम्ही का सांगतो? तोडल्यावर उसातली साखर फुटू लागते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ते पोत्यात येत नाही, मळीत जाते. ठिपक्यांच्या केळ्याचेही दोन दिवसांत आंबट पाणी होते.

पाणी : किती ठेवायचे, किती घालवायचे

पिकल्या केळ्यात शेकडा ७५ च्या आसपास पाणी असते. पेरूत ८० च्या वर, पपईत त्याहून अधिक. जोवर फळात मोकळे पाणी आहे, तोवर त्याची उष्णता उकळबिंदूच्या, म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या, फार वर चढत नाही. फळ शिजते, पण भाजले जात नाही. खमंगपणा, तांबूस रंग आणि कडेला येणारा चिकट पाक हे सगळे पाणी आटल्यावरच येते.

म्हणून फोडींचा थर दीड-दोन इंचाहून जाड करू नये. पसरट भांडे घ्यावे. खोल डब्यात केले, की खालचे पाणी वर येते आणि वरचा चुरा भिजून लापशी होते. तोडणीच्या आधी दोन-तीन आठवडे उसाचे पाणी तोडा म्हणतो, त्यातलेच हे थोडे आहे. भर पावसातले पाणचट फळ आणि ताण बसलेले फळ यांतला फरक जिभेला कळतो.

गूळ खाली, साखर वर

गुऱ्हाळाला ऊस घालू नका म्हणून आम्ही सभासदांच्या मागे लागतो. तेव्हा आमच्या तोंडी गुळाची स्तुती आली तर हसू नका. या पदार्थात दोघांना काम आहे, फक्त जागा वेगळ्या.

साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. तापली की वितळते, थंड झाली की काचेसारखी कडक होते. म्हणून वरच्या चुऱ्यात साखर हवी. दाताखाली कुरकुरीतपणा तीच देते. गुळातही बराचसा भाग सुक्रोजच आहे, पण सोबत ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडे खनिज पदार्थ आणि मुळातलाच ओलावा असतो. हे ग्लुकोज-फ्रुक्टोज हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर सुटतो तो यामुळेच. वरच्या थरात गूळ घातला, तर चुरा काही वेळातच मऊ पडतो. पण हाच गूळ खाली फळात घातला, की त्याचा पाक दाणेदार न होता मऊ, चकचकीत राहतो, आणि त्याचा वास केळ्याला शोभतो. आम्ही दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. 'गूळ खाली, साखर वर' हाच निकाल निघाला.

फोडींवर लिंबू मात्र पिळाच. केळ्याला स्वतःचा आंबटपणा फार कमी. लिंबाने फोडी काळ्या पडत नाहीत आणि नुसत्या गोडीने तोंडाला मिठी बसत नाही.

मसाला

सुंठ, दालचिनी, जायफळ आणि वेलदोडा एवढे पुरे. मसाल्याचा वास त्यातल्या सुगंधी तेलात असतो. ते तेल पाण्यात नीट उतरत नाही, तुपात उतरते. म्हणून मसाला कोरडाच फोडींवर भुरभुरू नये. चमचाभर कोमट तुपात कालवून मग लावावा. सुंठेने गोडाला थोडी धार येते आणि जडपणा जातो. जायफळ बेताने. पाव जायफळाच्या वर जाऊ नये. जास्त झाले तर कडवट लागते आणि ते प्रकृतीलाही बरे नाही.

साहित्य (आठ माणसांसाठी)

खालचा थर:
ठिपके पडलेली मध्यम केळी ८
चिरलेला गूळ ४० ग्रॅम
एका लिंबाचा रस
सुंठपूड अर्धा चमचा, दालचिनीपूड अर्धा चमचा
वेलदोडे ४, पाव जायफळ किसून
मूठभर बेदाणे
तूप १ चमचा, मीठ चिमूटभर

वरचा चुरा:
गव्हाचे जाडसर पीठ १५० ग्रॅम
रवा ५० ग्रॅम
शेंगदाण्याचा जाडसर कूट ५० ग्रॅम
साखर ८० ग्रॅम
थिजलेले तूप ९० ग्रॅम
मीठ चिमूटभर

कृती

१. गव्हाचे पीठ आणि रवा कढईत कोरडेच, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजून घ्या. लाडवाइतके तांबूस नको. वरून आच देणारी भट्टी नसेल, तर चुरा पांढुरका राहतो. म्हणून हे आधीचे भाजणे. ओव्हन असेल, तर ही पायरी सोडली तरी चालेल.

२. पीठ पूर्ण गार झाल्यावर त्यात साखर, मीठ आणि कूट मिसळा. थिजलेले तूप घालून बोटांच्या टोकांनी चोळा. मळायचे नाही. जाड वाळूसारखे, मधून मधून हरभऱ्याएवढे गोळे असे दिसले, की थांबा. तूप पातळ असेल तर चुरा न होता पिठाचा लगदा होतो. अशा वेळी भांडे थोडा वेळ गार पाण्यात ठेवावे. चुरा फारच कोरडा वाटला, तर चमचाभर दूध शिंपडा.

३. केळी सोलून बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करा. लिंबू, गूळ, बेदाणे, मीठ आणि तुपात कालवलेला मसाला लावून हलक्या हाताने वर-खाली करा. कुस्करू नका.

४. वीतभर रुंदीच्या पसरट भांड्याला तुपाचे बोट लावून चकत्या पसरा. वरून चुरा सैल टाका. दाबू नका. दाबला तर वाफ अडकते आणि थर घट्ट होतो.

५. भाजा. आचेची रीत पुढे दिली आहे. कडेने पाक बुडबुडू लागला आणि वरचा भाग बदामी झाला, की तयार.

६. उतरवून निदान २० मिनिटे तसेच राहू द्या. गरम असताना पाक पातळ असतो, गार होताना आळतो आणि चुरा कडक होतो. लगेच वाढायला घेतले तर ओघळ येतो आणि आपले काही चुकले असे वाटते. शिवाय उकळता पाक अंगाला चिकटतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

आच : ओव्हन नसेल तर

विजेचा ओव्हन असेल, तर १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे, एवढे सांगून पुरते. पण आपल्या बहुतेक घरी तो नाही, आणि त्यासाठी विकत घेण्याचीही गरज नाही.

जाड बुडाचे जुने पातेले घ्या. त्यात चाळलेली कोरडी वाळू इंचभर पसरा. त्यावर तिवई किंवा लोखंडी कडे ठेवा. झाकण घालून मध्यम आचेवर १५ मिनिटे तापवा. आच बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची सोपी खूण अशी: ताटलीत चिमूटभर कोरडे पीठ आत ठेवा आणि पाच मिनिटांनी पाहा. बदामी झाले तर ठीक. काळे पडले तर आच कमी करा. पांढरेच राहिले तर अजून थांबा. मग केळ्याचे भांडे तिवईवर ठेवून मंद आचेवर ४५ ते ५५ मिनिटे भाजा. झाकणाला काडीएवढी फट ठेवा. नाहीतर वाफेचे पाणी होऊन ते चुऱ्यावर ठिबकते.

चूल असेल तर आणखी चांगले. पातेल्यावर झाकण म्हणून लोखंडी तवा ठेवून त्यावर निखारे ठेवा. कोकणच्या धोंडसाची हीच रीत. वरून आच मिळाल्याने चुरा खरा खमंग होतो. खाली जाळ नको, निखारेच हवेत.

प्रेशर कुकर यासाठी वापरू नका. आम्ही आधी तोच चढवला होता. शिट्टी काढली, पण रबरी रिंग काढायची विसरलो. ती जळाली, घरभर वास सुटला आणि कुकरही बाद झाला. नवा कुकर आमच्याच पगारातून आला.

मंद आचेचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. कारखान्यात रसाचे पाणी आटवून पाक करतात आणि पॅनमध्ये त्याची साखर बांधतात. तिथे पोकळी निर्माण करून रस कमी उष्णतेवर उकळवला जातो. पॅनमधला पाक साधारण ६० ते ७० अंशांवरच उकळत असतो. एरवी एवढ्या दाट पाकातली साखर करपली असती. आपल्या घरी पोकळी करण्याचे यंत्र नाही. तेव्हा पाणी आटावे पण साखर करपू नये, यासाठी एकच उपाय उरतो: आच मंद आणि वेळ पुरता. १६० अंशांच्या पुढे साखर तांबूस व्हायला लागते, ती हवीच. त्याच्याही पुढे गेली की कडू होते, आणि मग गूळ घालून ती चव झाकता येत नाही.

दुसरी फळे

पेरू: बिया काढून पातळ फोडी करा. साखर चोळून २० मिनिटे ठेवा. साखर फोडींतले पाणी बाहेर ओढते. ते पाणी वेगळे उकळून चमचाभर पाक उरेपर्यंत आटवा आणि परत फोडींवर घाला. पेरू कमी गोड असतो. त्याला गूळ थोडा जास्त लागतो, लिंबू कमी.

चिकू: मुळातच फार गोड. गूळ जवळजवळ नकोच. लिंबू आणि सुंठ वाढवा.

पपई: एकटीची करू नका, फार पाणी सुटते. केळ्याबरोबर चौथा हिस्सा घाला.

सफरचंद: विकतचे आणायचे असेल तर जरूर आणा, पण बांधावर फण्या पडल्या असताना त्याची गरज नाही.

पिठातही बदल चालतो. निम्मे गव्हाचे आणि निम्मे ज्वारीचे पीठ घेतले, तर चुरा अधिक ठिसूळ होतो.

किती खावे

साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहावे की नाही, असा विचार आमच्याही मनात आला. पण सभासदाची प्रकृती पोत्यांच्या संख्येपेक्षा मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला असा की वरून घातलेली साखर, गूळ, मध हे सगळे धरून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावे. साधारण प्रौढ माणसाला हे दिवसाला ५० ग्रॅमच्या आत बसते, आणि त्याच्या निम्म्यावर आणता आले तर आणखी चांगले. आपल्या पदार्थात गूळ ४० आणि साखर ८० मिळून १२० ग्रॅम. आठ वाटे केले तर एका वाट्याला १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे. केळ्याची स्वतःची गोडी वेगळी. तेव्हा एका वेळी एक वाटा, आणि त्या दिवशी चहात साखर बेताची.

मधुमेह असलेल्या सभासदांना एक स्पष्ट सांगतो. "गुळाचं आहे, चालतंय," असे म्हणून दुसरा वाटा घेऊ नका. रक्तातली साखर वाढवण्यात गूळ साखरेच्या फार मागे नाही. पिकलेले केळेही तसेच. डॉक्टरांना विचारून घ्या.

पदार्थ त्याच दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, पण चुरा मऊ पडतो. तव्यावर झाकण न घालता गरम केला, की थोडा परत कुरकुरीत होतो. सोबत दुधाची साय छान लागते.

शेवटी

हे सगळे तीन-चार वेळा जमल्यावर आम्ही कागदावर उतरवले आणि मावशींच्या गटाच्या स्लीपबॉयबरोबर पाठवून दिले. आठवड्याने त्याच्याच हाती झाकलेला डबा आला. मावशींनी चुलीवर केले होते आणि कुटाऐवजी भाजलेले तीळ घातले होते. खरे सांगायचे तर आमच्यापेक्षा चांगले झाले होते. निरोप असा होता: "साहेबांस्नी सांगा, नातवाचा वाढदिस ह्याच्यावर झाला. पण फण्या अजून दोन गाड्या हायेत."

हा निरोप आम्ही विसरलेलो नाही. दोन एकरांतल्या उरलेल्या फण्या एका पातेल्यात मावत नाहीत. त्यासाठी वसईकडे पिकलेली केळी सुकवून सुकेळी करतात तसे काही, किंवा बचत गटाने मिळून वाळवणाचा उद्योग, याचा विचार करावा लागेल. ते एकट्या घराचे काम नाही. पुढच्या गट मेळाव्यात हा विषय आम्ही स्वतः मांडणार आहोत. आपल्याकडे हंगामात साधारण किती फण्या बांधावर राहतात, याचा अंदाज आपल्या गट ऑफिसला जरूर कळवावा. आकडा हाती असेल तर पुढचे बोलता येईल.

तोवर, पुढच्या वेळी व्यापारी फण्या ठेवून गेला, तर त्यातल्या दोन पेंढ्यात पिकत घाला. ठिपके पडेपर्यंत थांबा. घरच्या लेकी-सुनांबरोबर मुलांनाही चुरा चोळायला बसवा, त्यांना ते काम आवडते. आणि आपल्या पद्धतीत काही फेरफार केला असेल, तर तोही लिहून पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग